काळी इंगळी, सम्राट विंचू आणि त्यांची बदलती नावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडला की माझ्या फोनवर विंचवांचे फोटो यायला लागतात. काही दांडिया बाजारातल्या आणि वाडीतल्या ओळखीच्यांचे, पण बरेचसे त्यांच्या गावाकडच्या मंडळींचे. कोणाचा मामा चिपळूणला, कोणाचे व्याही साताऱ्याला. वडोदऱ्यात पावसाळ्यात सगळ्यांच्या नजरा विश्वामित्रीतल्या मगरींवर असतात, विंचवाला इथे कोण विचारतो! पण मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो हे लोकांच्या लक्षात आहे. प्रश्न दरवर्षी तेच. रात्री अकरा वाजता पुन्हा पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो.

सर, फोटोतला हा कोणता विंचू? तळहाताएवढा आहे आणि काळाकुट्ट.

अंग काळं किंवा काळपट हिरवी झाक असलेलं, पुढच्या नांग्या खेकड्यासारख्या फुगीर आणि त्या मानाने शेपटी बारीक, असं असेल तर आपल्या लोकांनी त्याला केव्हाच नाव देऊन ठेवलंय: इंगळी. गावाकडे जुनी माणसं विंचू आणि इंगळी हे दोन वेगळेच प्राणी असल्यासारखं बोलतात आणि त्यात तथ्य आहे. लहान, तांबूस, चपळ तो विंचू. मोठी, काळी, सुस्त ती इंगळी. शास्त्रज्ञांनीही या दोघांना वेगवेगळ्या कुळांत टाकलं आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

जाती कोणती, हे मात्र मी फोटोवरून सांगत नाही. ‘आशियाई वन-विंचवांपैकी एक’ एवढंच सांगतो. त्यापुढे जायचं तर पोटाखालच्या कंगव्यांचे दात मोजावे लागतात, नांगीच्या मुठीवरचे दाणे बघावे लागतात, संवेदी केस कुठल्या जागी उगवलेत ते भिंगाखाली पाहावं लागतं, नर की मादी तेही ठरवावं लागतं. आणि सापडला कुठे, हे कळावं लागतं. लोक फोटो पाठवतात आणि गाव लिहायला विसरतात. निदान तेवढं तरी लिहा.

नांगी नक्की कशाला म्हणायचं? पुढच्या चिमट्याला की मागच्या काट्याला?

दोन्हीला. खेकड्याच्या पुढच्या पकडी म्हणजे नांग्या, विंचवाच्या शेपटीच्या टोकाचा डंखही नांगी. ‘त्याने नांगी टाकली’ म्हणतो तेव्हा मागची असते. या लेखात गोंधळ नको म्हणून पुढच्यांना नांग्या आणि मागच्या काट्याला डंख म्हणतो. आणि विंचू ‘चावला’ म्हणायची आपली सवय असली तरी तो चावत नाही, डंख मारतो. त्याच्या तोंडाशी असलेल्या छोट्या पकडी भक्ष्य कुरतडण्यापुरत्याच असतात.

जगातला सर्वांत मोठा विंचू आफ्रिकेचा की आपला?

पश्चिम आफ्रिकेतला सम्राट विंचू, पँडिनस इम्परेटर, प्रसिद्ध आहे. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या पट्ट्यातला. पूर्ण वाढ झाली की साधारण २० सेंटिमीटर लांब आणि ३० ग्रॅमच्या आसपास वजन. सिनेमात, जाहिरातीत काळा चकचकीत विंचू दिसतो तो बहुधा हाच.

पण लांबीच्या स्पर्धेत दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली आपली इंगळी त्याच्या तोडीची किंवा पुढची आहे. तिचं आजचं नाव जायगँटोमेट्रस स्वामरडामी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कृष्णराजपुरम नावाच्या गावात सापडलेला २९.२ सेंटिमीटरचा नमुना गिनीजच्या विक्रमांत नोंदलेला आहे. हा आकडा ऐकून मी जरा थबकतो. कारण मोजलं कसं, हे महत्त्वाचं. शास्त्रीय लांबी म्हणजे तोंडाच्या पकडीपासून डंखाच्या टोकापर्यंत. पुढे ताणलेल्या नांग्या धरून मोजलं तर आकडा भलताच फुगतो. कोळ्याने मासा दाखवताना हात जितके पसरावेत, तसं ते होतं.

तिसरा दावेदार दक्षिण आफ्रिकेतला हॅडोजेनेस ट्रोग्लोडायटीस. हा चपट्या अंगाचा, खडकांच्या फटीत राहणारा. लांबीत तोही वीस सेंटिमीटरच्या घरात जातो, पण ती सगळी शेपटीची लांबी. वजनात तो या दोघांपुढे टिकत नाही. थोडक्यात ‘सर्वांत मोठा’ हे तुम्ही पट्टीने विचारताय की तराजूने, यावर ठरतं.

‘स्वामरडामी’ हे कसलं नाव? कोण हा स्वामरडाम?

यान स्वामरडाम, १६३७ ते १६८०. हॉलंडचा. सूक्ष्मदर्शकाखाली किड्यामुंग्यांची चिरफाड करण्यात या माणसाने आयुष्य घालवलं. मधमाश्यांच्या पोळ्यात ‘राजा’ असतो असं युरोप तोपर्यंत मानत होता. स्वामरडामने त्या राजाचं पोट उघडून आत अंडाशय दाखवले, म्हणजे ती राणी निघाली. त्याचं मुख्य काम छापलं गेलं ते त्याच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी.

विंचवाला त्याचं नाव दिलं यूजीन सिमाँ या फ्रेंच अभ्यासकाने, १८७२ मध्ये. सिमाँ तेव्हा जेमतेम चोविशीत होता. पुढे तो कोळी आणि विंचवांच्या अभ्यासातलं फार मोठं नाव झाला. म्हणजे डच माणूस, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी नाव देणारा फ्रेंच माणूस, आणि प्राणी आपल्या रानातला. शेवटचा ‘ई’ म्हणजे लॅटिनची षष्ठी. स्वामरडामचा तो स्वामरडामी. ज्यांनी शाळेत ‘रामस्य’ घोकलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुस्तकात ‘हेटेरोमेट्रस स्वामरडामी’ आहे आणि इंटरनेटवर ‘जायगँटोमेट्रस’. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. पुस्तक जुनं आहे, इतकंच.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. दुसरा शब्द एकदा दिला की सहसा हलत नाही, पहिला मात्र बदलू शकतो. मी हे वाड्याच्या उदाहरणाने सांगतो. वाड्यात चार भाऊ एकत्र असतात तोवर दारावर एकच पाटी असते. उद्या वाटण्या झाल्या, प्रत्येकाने वेगळं घर केलं, तर पाट्या चार होतात. माणसं तीच राहतात.

हेटेरोमेट्रस हा असाच मोठा वाडा होता. एहरेनबर्गने १८२८ मध्ये उभा केलेला. भारत, श्रीलंकेपासून आग्नेय आशियापर्यंतचे सगळे काळे वन-विंचू त्यात कोंबलेले. डच अभ्यासक काउझाइनने १९७८ मध्ये आणि पुढे १९८१ मध्ये त्यात आतल्या आत भिंती घातल्या, म्हणजे उपप्रजाती पाडल्या. जायगँटोमेट्रस ही त्यातलीच एक खोली. मग २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातले लोरेन्झो प्रेंडिनी आणि स्टेफनी लोरिया यांनी सगळा गट नव्याने तपासला आणि त्या खोल्यांना स्वतंत्र घराचा दर्जा दिला. हेटेरोमेट्रस हे नाव आता मुख्यतः आग्नेय आशियातल्या मंडळींकडे राहिलं.

त्या वाटणीत दोन अगदी नवी नावंही आली. एक डेक्कनोमेट्रस आणि दुसरं सह्याद्रिमेट्रस. चिपळूणच्या मामांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना विंचवापेक्षा या नावाचंच जास्त कौतुक वाटलं. सह्याद्री शब्द थेट लॅटिन धाटणीच्या नावात जाऊन बसला, आणखी काय हवं!

नुसती हौस म्हणून ही वाटणी झाली नाही. याच दोघांनी डीएनए आणि शरीररचना एकत्र तपासली, तेव्हा असं दिसलं की हे वन-विंचू भारतातून आग्नेय आशियात एकदा नाही, तीन वेगवेगळ्या वेळी गेले. म्हणजे तिकडचे सगळे एकमेकांचे सख्खे नव्हेत. काहींचं जवळचं नातं तिकडच्या शेजाऱ्याशी नसून इकडच्या कोणाशी तरी आहे. एकाच पाटीखाली सगळ्यांना ठेवलं तर हे नातं झाकलं जातं.

कामाची गोष्ट एवढीच: शोधताना दुसऱ्या शब्दाने शोधा. ‘स्वामरडामी’ टाकलंत की १८७२ पासून आजपर्यंतचं बरंचसं सापडतं.

नावापुढे माणसाचं आडनाव आणि साल का लिहितात? आणि कधी कंसात, कधी कंसाबाहेर?

हा प्रश्न एका नववीतल्या मुलीने विचारला होता. मोठी माणसं हा कंस न बघताच पुढे जातात.

पँडिनस इम्परेटर (कोख, १८४१) असं लिहिलेलं असतं. अर्थ असा की ‘इम्परेटर’ हे जातिनाम कार्ल लुडविग कोख या जर्मनाने १८४१ मध्ये दिलं, पण त्याने ते पँडिनसमध्ये दिलेलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं ब्युथस इम्परेटर. पँडिनस ही प्रजाती स्वीडनच्या टॅमरलन थोरेलने १८७६ मध्ये काढली आणि हा सम्राट नंतर तिकडे गेला. कंस म्हणजे ‘जन्मघर वेगळं, आजचं घर वेगळं’ ही खूण. ज्या नावाला कंस नाही, ते प्राणी जिथे जन्मले त्याच घरी आहेत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंच्या नावात माहेरचं आडनाव कंसात लिहायची पद्धत आपल्याकडे आहेच की, तिच्याशी हे थोडंफार जुळतं.

म्हणजे ‘ब्युथस’ नावाचा विंचू वेगळा आहे का? डॉक्टरांच्या जुन्या लेखात हाच शब्द दिसतो.

इथे जरा सावकाश वाचा, कारण हा कागदावरचा घोळ जिवाशी संबंधित आहे.

सुरुवातीला सगळेच विंचू ‘स्कॉर्पिओ’ होते. दोन शब्दी नावांची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ ची. प्राण्यांच्या नावांची गणती तिथून सुरू होते. मग १८१५ मध्ये लीच या इंग्रज अभ्यासकाने ब्युथस काढला आणि पुढची अनेक वर्षं ज्याला जो विंचू मिळेल तो त्यात जाऊ लागला. कोखचा आफ्रिकन सम्राट १८४१ मध्ये ब्युथस झाला. त्याच साली त्याने नाव दिलेली आपल्याकडची बेंगालेन्सिस ही इंगळीसुद्धा ब्युथसच होती.

आता दुसरीकडे आपला लाल विंचू बघा. कोकणात ज्याने कित्येक मुलांचे जीव घेतले, तो. लिनियसचा शिष्य फाब्रिशियस याने १७९८ मध्ये त्याला स्कॉर्पिओ टॅम्युलस म्हटलं. टॅम्युलस म्हणजे तमिळ मुलखातला. नंतर तो ब्युथस टॅम्युलस झाला, मग मेसोब्युथस टॅम्युलस, आणि २००७ मध्ये चेक अभ्यासक कोव्हारझिकने त्याला हॉटेनटोटा प्रजातीत नेलं. आजचं नाव हॉटेनटोटा टॅम्युलस.

म्हणजे एके काळी कागदावर, जवळजवळ निरुपद्रवी महाकाय सम्राट आणि मूठभर आकाराचा जीवघेणा लाल विंचू, दोघेही ‘ब्युथस’! आज सम्राट आणि आपली इंगळी स्कॉर्पिओनिडी कुळात आहेत, लाल विंचू ब्युथिडी कुळात. दोन्ही कुळांत अंतर खूप आहे. जुना लेख वाचून ‘ब्युथस म्हणजे भयंकर’ किंवा ‘ब्युथस म्हणजे पाळीव’ असा निष्कर्ष काढला तर दोन्हीकडून फसाल.

आणि नाव बदललं तरी त्याच्या सावल्या मागे राहतात. लाल विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं इबेरियोटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळा पेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा बंद करून बघायला वापरतात. ते पहिल्यांदा वेगळं केलं तेव्हा विंचवाचं नाव ब्युथस टॅम्युलस होतं, त्यामुळे ते नाव अजूनही कागदोपत्री भेटतं. सम्राटाच्या विषातल्या एका घटकाचं नाव इम्परेटॉक्सिन. उद्या सम्राटाची प्रजाती आणखी कुठे गेली तरी ही बाटली तेच नाव मिरवत राहणार.

प्रजाती आणि जाती यांत फरक काय? वर्तमानपत्रात तर ‘विंचवाची नवी प्रजाती सापडली’ असं येतं.

मराठी पाठ्यपुस्तकांत जाती हा सर्वांत खालचा एकक आणि प्रजाती त्याच्या वरचा. हिंदीत मात्र वरच्या एककाला वंश म्हणतात आणि ‘प्रजाति’ बहुतेक वेळा खालच्यालाच. हिंदी बातमी मराठीत करताना शब्द तसाच उचलला जातो आणि एका नव्या जातीची बातमी आपल्याकडे अख्ख्या नव्या प्रजातीची होते. मराठी शाळेत शिकून हिंदी वर्तमानपत्र वाचणाऱ्या आपल्यासारख्यांची यात फार पंचाईत. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला होता. प्राणिशास्त्राचाही एक करवला असता तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

‘बेंगालेन्सिस’ म्हणजे हा विंचू फक्त बंगालात असतो का?

नाही. नाव म्हणजे पत्ता नव्हे. वडोदऱ्यात राहून हे कळायला विंचवाची गरज नाही. आपल्या शहराचं नावच वडावरून पडलं असं सांगतात, आणि त्या वडाचं शास्त्रीय नाव फायकस बेंगालेन्सिस. लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. म्हणून सयाजीबागेतला वड बंगाली ठरत नाही. नाव देणाऱ्याकडे नमुना जिथून आला, किंवा आला असं त्याला वाटलं, ते गाव नावात अडकतं. पुढे तो प्राणी इतरत्र सापडला म्हणून नाव मागे घेता येत नाही. तमिळ मुलखातला म्हणून ‘टॅम्युलस’ झालेला लाल विंचू महाराष्ट्र-गुजरातेतही आहेच.

जाता जाता: झाडांच्या नावांचे नियम वेगळे आणि प्राण्यांचे वेगळे. दोन स्वतंत्र संहिता आहेत. प्राण्यांची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे.

एकाच विंचवाला दोघांनी वेगवेगळी नावं दिली तर?

आधीचं टिकतं. जमिनीच्या व्यवहारात ज्याचं खरेदीखत जुनं त्याचा हक्क आधी, तसंच. नंतरचं नाव ‘समानार्थी’ म्हणून यादीत राहतं, पुसलं जात नाही.

हे ठरवायला मूळ नमुना लागतो. प्रत्येक नावामागे कुठल्या तरी संग्रहालयात एक ठरावीक मेलेला विंचू असतो, ज्याला प्ररूप म्हणतात. बँकेत नमुना सही असते ना, तसा. तुमची सही पुढे कितीही बदलली तरी ताडून बघायची ती त्या कार्डाशी. भारतीय विंचवांचे असे कितीतरी नमुने लंडनला आहेत, कारण रेजिनाल्ड पोकॉक तिथल्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ही नावं देत होता. त्याने १९०० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या विंचू-कोळ्यांचा जो ग्रंथ लिहिला, त्याला आजही वळसा घालून जाता येत नाही. आपल्याकडे त्यानंतरचं मोठं काम १९८३ चं, भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या टिकादार आणि बस्तवडे यांचं. देशभूषण बस्तवडे पुण्याच्या केंद्रात होते. विंचवांवर इतकं काम केलेला मराठी माणूस मला तरी दुसरा माहीत नाही, आणि आपल्याकडे त्यांचं नाव दहाजणांनाही ठाऊक नसतं.

इंगळी विषारी असते का? डंख मारला तर काय करायचं?

विष सगळ्याच विंचवांना असतं. इंगळीचा डंख दुखतो, सुजतो, पण धडधाकट मोठ्या माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. नांग्यांत ताकद असल्यामुळे ती आधी पकडते, विषावर तिची फारशी मदार नसते. नांग्या जाड आणि शेपटी बारीक तर विष सौम्य. नांग्या बारीक आणि शेपटी जाड तर सावध, असा ढोबळ नियम आहे. ढोबळच. हात घालायला परवाना म्हणून वापरू नका.

लाल विंचू मात्र वेगळं प्रकरण. त्याच्या विषाने शरीरातल्या चेता सतत पेटत्या राहतात, अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, रक्तदाब वर, आणि शेवटी फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी साधी गोळी वापरायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण एकदम खाली आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं.

तेव्हा विंचू कुठला याची खात्री नसेल तर थेट दवाखाना. दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. मूल असेल तर एक मिनिटही नाही. विंचवाचा फोटो मिळाला तर घ्या, पण त्याच्यामागे धावू नका. आणि तो फोटो मला नंतर पाठवा, आधी डॉक्टरांना दाखवा.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ हे खरं आहे?

अगदी शब्दशः. विंचू अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. इंगळी आणि सम्राट यांसारख्या मोठ्या विंचवांत गर्भारपण कित्येक महिने चालतं. पांढुरकी मऊ पिल्लं जन्मताच आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. आपण ही म्हण सतत भाड्याची घरं बदलणाऱ्याला लावतो. विंचवाची आई मात्र त्या दिवसांत बिळाबाहेर फारशी पडतच नाही.

जांभळ्या टॉर्चखाली विंचू चमकतो म्हणतात.

चमकतो, हिरवट निळा. त्याच्या कवचाच्या वरच्या थरातली काही द्रव्यं अतिनील प्रकाशात उजळतात. नुकती कात टाकलेला चमकत नाही. कवच टणक होत गेलं की चमक येते. अल्कोहोलमधले जुने नमुनेसुद्धा उजळतात. रात्री सर्वेक्षण करणारे लोक असाच टॉर्च घेऊन फिरतात. नोटा तपासायला मिळतो तोही चालतो, पण जरा जवळ जावं लागतं, आणि तेच नको असतं.

सम्राट विंचू घरी पाळता येईल का? इन्स्टाग्रामवर विकायला असतो.

सम्राट विंचू १९९५ पासून सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परिशिष्टांतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंद करावी लागते. विकणारा यातलं काही सांगत नाही.

शिवाय ‘सम्राट’ म्हणून जे मिळतं ते अनेकदा आशियाई वन-विंचूच असतं. सम्राटाच्या नांग्या लालसर तपकिरी, खडबडीत दाणेदार आणि केसाळ. वन-विंचवाच्या तुलनेने गुळगुळीत. सम्राटाच्या नांग्यांवर संवेदी केसही बरेच जास्त असतात. एका ओळखीच्यांच्या मुलाने चांगले पैसे मोजून ‘आफ्रिकन सम्राट’ घेतला. फोटो बघून मी विचारलं, पासपोर्ट कुठला आहे रे याचा? आईला कळल्यावर विंचवाचं आणि मुलाचं, दोघांचंही काही खरं नव्हतं.

साठ ग्रॅमचा काळा विंचू लाखो रुपयांना जातो, हे खरं का?

नाही. असा निरोप फिरवणारा शेवटी तुमच्याकडेच ‘आगाऊ रक्कम’ मागतो.

मला नवी जाती सापडली तर तिला माझं नाव देता येईल का?

नियमात बंदी नाही, पण स्वतःचं नाव स्वतः कोणी देत नाही, तसं करणं बरं दिसत नाही. दुसऱ्याने तुमचं दिलं तर गोष्ट वेगळी. पुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’, बाईच्या नावाला ‘ए’ लागतो. मात्र आधी नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, वर्णन छापावं लागतं, जवळच्या सगळ्या जातींहून तो वेगळा कसा ते दाखवावं लागतं. व्हॉट्सअॅपवर टाकलेलं नाव धरलं जात नाही.

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत जुन्या बरणीत मोठा विंचू आहे. लेबलावर जुनं नाव आहे. बदलू का?

नवं लेबल जरूर लावा. जुनं काढू नका.

मी नोकरीला नवा होतो तेव्हा आमच्या शाळेत अशीच एक बरणी होती. आत वीतभर काळी इंगळी, बाहेर पिवळं पडलेलं लेबल, त्यावर टाकाने लिहिलेलं नुसतं ‘ब्युथस’. मला ते अडाणीपणाचं वाटलं. सुट्टीत बसून सगळ्या बरण्या चकाचक केल्या, जुनी लेबलं भिजवून खरवडली आणि सुवाच्य अक्षरात ‘हेटेरोमेट्रस’ लिहून चिकटवलं. खरवडताना दिसलं की जुन्या कागदाच्या मागच्या बाजूला, काचेला चिकटलेल्या अंगाला, गावाचं नाव आणि साल होतं. पाण्याने शाई पसरली होती. गावाचं पहिलं अक्षर ‘सा’ की ‘मा’ एवढंच लागलं.

२०२० मध्ये हेटेरोमेट्रसच्या वाटण्या झाल्या तेव्हा मी मुद्दाम शाळेत जाऊन ती बरणी पाहिली. माझं लेबलही आता जुनं झालंय. सह्याद्रीतली की दख्खनच्या पठारावरची, हे सांगायला ते गाव उपयोगी पडलं असतं. तिथल्या बाईंना सांगून माझ्या लेबलाखाली एक चिठ्ठी लावून आलो: ‘वन-विंचू, मादी. ठिकाण: पूर्वी लिहिलेलं होतं.’